एकाच आठवड्यातली पिल्लं, पण पिसांचा रंग आणि वाढ इतकी वेगळी का?

परडं_फुलेवाडी

मंडळी, परड्यातल्या पिल्लांबद्दल विचारायचं आहे. जरा लांब लिहितोय, कारण माहिती अर्धी दिली तर उत्तरंही अर्धीच मिळतील.

आमच्याकडं दोन गट आहेत. एक घरचा. तांबडी गावरान कोंबडी खुडूक झाली, तिच्याखाली घरचीच अंडी ठेवली. दुसरा विकतचा. घरची पिल्लं निघाली त्याच आठवड्यात मोटारसायकलवर जाळीची पाटी बांधून एक जण आला, त्याच्याकडून एका दिवसाची पिल्लं 'गावरान' म्हणून घेतली. म्हणजे वय एकच. आता दोन्ही गटांना पाचवा आठवडा चालू आहे आणि शेजारी ठेवले तर कुणी एका वयाचे म्हणणार नाही.

विकतची पिल्लं अंगानं दांडगी, पाय जाड, पण पाठ उघडी. पंखावर पिसं आहेत, शेपटीच्या जागी नुसता ठोंब, दोन्ही खांद्यांच्या मध्ये गुलाबी कातडी दिसते. घरची हातात घेतली तर वजनच जाणवत नाही, पण पाठ झाकून गेलीय, पंख शेपटीला टेकलेत आणि त्यातली दोन कुंपणाच्या खांबावर उडून बसतात.

रंगाचं तर काहीच कळेना. घरची बहुतेक पाठीवर खारीसारखे पट्टे घेऊन निघाली. एक काळं, पण पोट आणि पंखांची टोकं पांढरी. एक पिवळं होतं ते पांढरं होत चाललंय, मध्येच काळे शिंतोडे. विकतच्यांत तांबूस, राखी, आडव्या पट्ट्यांची अशी सगळी सरमिसळ.

उघडी पाठ हा आजार आहे का, आता दिसतोय तोच रंग राहणार का, आणि कोंबडे कुठले, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) कुठल्या, एवढं कळलं तर बरं होईल. आई म्हणते पंख लांब ती तलंग. शेजारचे मामा म्हणतात पिल्लू पायाला धरून उलटं करा, मान वर उचललं की कोंबडा. कुणाचं खरं?

आजरा_घनसाळ

दादा, पहिली गोष्ट म्हणजे ते विकतचे पक्षी गावरान नाहीत. अंगानं दांडगी, जाड पाय, गटात सगळे रंग, ही सुधारित रंगीत जातीची लक्षणं. गिरिराज, वनराज किंवा त्यांच्यासारखं काहीतरी असणार. गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं काढली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं. दोन्ही परसातच पाळायला काढलेल्या, त्यामुळं वाईट नाहीत. पण त्यांच्या रक्तात मांसाच्या जातींचा वाटा आहे. अशा पिल्लाचं खाल्लेलं आधी अंगाला लागतं, पिसाला मागाहून. गावरान पिल्लाचं उलटं असतं. त्याला घार, मांजर, पाऊस या सगळ्यांतून वाचायचं असतं, म्हणून पंख आधी येतात.

त्यामुळं घरच्या पिल्लाची विकतच्याशी तुलनाच करू नका. घरचं घरच्या भावंडाशी, विकतचं विकतच्या भावंडाशी. एवढं केलं तरी निम्मे प्रश्न सुटतात.

उचगाव_भावा

लई कामाचा धागा. आमच्यात बी सेम परिस्थिती हाय. विकतच्यातल्या पट्ट्यावाल्या पिल्लाला अजून शेपूटच न्हाई, म्हणून आज्जी म्हणत्या हे रोगट, दिऊन टाका. देऊ नको म्हणून भांडतोय.

निवृत्त_पशुवैद्य

उचगावकर, देऊ नका. आजींना म्हणावं थोडं थांबा.

सगळ्या मुद्द्यांवर सविस्तर लिहितो. अंड्यातून निघतं तेव्हा पिल्लावर फक्त लव असते. पंखाची मोठी पिसं मात्र निघतानाच डोकावत असतात. त्यानंतर शेपूट, खांदे, मग छाती आणि मांड्या, आणि सर्वांत शेवटी मान, डोकं आणि पोट. साधारण पाच-सहा आठवड्यांत पहिला पिसारा पुरा होतो. हा पिसारा कायमचा नसतो. तो येऊन पुरा होतोय तोवर त्यातलीच पिसं गळून दुसरी यायला लागतात, आणि पक्षी वयात येईपर्यंत ही बदलाबदली चालू राहते. म्हणून पाचव्या आठवड्यात दिसणारा रंग हा मधला मुक्काम आहे.

पाठ उघडी असणं पाचव्या आठवड्यात भारी जातीच्या नरात अगदी नेहमीचं आहे. माद्या आधी झाकतात, नर मागं राहतात. शेपूट नाही, खांदे उघडे, पण पिल्लू चपळ आहे, खातंय, शी घट्ट आहे, तर काळजी नको. काळजी कधी करायची? पिल्लू पिसं फुगवून डोळे मिटून उभं राहतं, पंख खाली सोडतं, शी पातळ किंवा रक्ताची होते तेव्हा. उघड्या जागेवर रक्ताचे ठिपके किंवा तुटलेल्या पिसांचे खुंट दिसले, तर दुसरी पिल्लं टोचतात असं समजा. नवं पीस निळसर नळीतून येतं आणि त्या नळीत रक्त असतं. ती फुटली की लाल रंग बघून सगळी त्याच पिल्लाच्या मागं लागतात. असं पिल्लू लगेच वेगळं काढायचं आणि जखमेला हळद लावून बरं होईपर्यंत वेगळंच ठेवायचं.

पाय धरून उलटं टांगण्यानं नर-मादी कळत नाही. ते कृपा करून करू नका, कोवळ्या सांध्यांना इजा होते. पंखांचं जे सांगतात त्यात तथ्य आहे, पण ते सगळ्या पिल्लांना लागू नाही. त्यावर नंतर लिहितो.

शिरोळ_लेयर

डॉक्टरसाहेब, पंखाची परीक्षा चालते हे मी स्वतः बघितलंय. हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्रात, पंख उघडून बघतात आणि पटापट वेगळी करतात. लांब-आखूड पिसं म्हणजे मादी, सारखी पिसं म्हणजे नर. चुकत नाहीत. मग 'सगळ्या पिल्लांना लागू नाही' कसं?

निवृत्त_पशुवैद्य

तुम्ही बघितलं ते खरंच आहे. हॅचरीत ते चालतं, कारण तिथं आईबाप मुद्दाम तसे निवडलेले असतात.

पीस लवकर फुटणं की सावकाश फुटणं, हे ठरवणारं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडं दोन झेड, कोंबडीकडं एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे मादी पिल्लाला तिचं एकुलतं झेड बापाकडून मिळतं, आणि आईचं झेड फक्त मुलग्यांना जातं. सावकाश पिसाचा गुण प्रबळ आहे. बाप लवकर पिसाचा आणि आई सावकाश पिसाची घेतली, तर सगळ्या मुली बापावर जाऊन लवकर पिसाच्या होतात आणि सगळे मुलगे आईकडून सावकाश पिसाचा गुण घेतात. मग पहिल्या एक-दोन दिवसांत पंख उघडला की मादीची मुख्य पिसं वरच्या झाकणपिसांपेक्षा लांब दिसतात, नराची दोन्ही सारखी. नंतर हा फरक पुसट होत जातो.

परड्यातल्या कोंबडीखालच्या अंड्यांत असं काही ठरलेलं नसतं. गावरान आईबाप दोघंही लवकर पिसाचे असतील तर सगळ्याच पिल्लांचे पंख लांब दिसणार. त्यांना तलंगा समजून ठेवलं आणि मोठेपणी निम्मे आरवले, असं घडतं. फुलेवाडीकरांच्या आईंचं निरीक्षण पूर्ण टाकाऊ नाही. एकाच आईबापाच्या पिल्लांत, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ज्यांची शेपूट आणि खांदे आधी भरले त्यांत माद्या जास्त असतात. पण तो कल झाला, खात्री नव्हे.

रंगानं नर-मादी ओळखणंही याच तत्त्वावर चालतं. तपकिरी अंड्यांच्या कित्येक लेयर जातींत बाप सोनेरी गुणाचा आणि आई चंदेरी गुणाची ठेवतात. चंदेरी गुण प्रबळ आणि तोही झेडवरच. म्हणून मुली तांबूस निघतात, मुलगे फिकट पिवळे. पहिल्याच दिवशी रंगावरून वाटणी होते.

शिरोळ_लेयर

आता उलगडलं. म्हणजे आईबाप माहीत नसतील तर पंख बघून उपयोग नाही. धन्यवाद साहेब.

गडहिंग्लजची_सून

रंगाबद्दल मी सांगते. सासूबाईंच्या हाताखाली वर्षानुवर्षं ही पिल्लं बघत आलेय.

ते काळं पिल्लू, पोट पांढरं आणि पंखांची टोकं पांढरी, ते बहुतेक काळंच होणार. काळ्या पिल्लांचं लहानपणी असंच असतं. पोटाखालची लव पांढरट, पंखाची पहिली दोन-चार पिसंही पांढरी येतात. ती गळली की त्या जागी काळी येतात. लोक त्याला कवडं (काळं-पांढरं मिश्र) म्हणून विकून टाकतात आणि नंतर त्याच घरी झळाळतं काळं दिसलं की हळहळतात. काळ्याच्या पिसावर उन्हात हिरवट चमक येते. ती दुसऱ्या पिसाऱ्यात नीट दिसते, आत्ता नाही.

पट्ट्यांची पिल्लं मला सगळ्यांत आवडतात. त्यांत माद्या तपकिरी, बारीक नक्षीच्या होतात, आणि नर लाल मानेचे, काळ्या छातीचे. यांच्यात नर-मादी ओळखायला छाती बघा, ताई-दादांनो. पंख नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून छातीवर कुठलं पीस येतंय ते बघायचं. बदामी किंवा फिकट तपकिरी येत असेल तर तलंग. काळी पिसं तुरळक डोकावायला लागली तर कोंबडा.

पिवळ्याचं पांढरं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण कधी कधी पिवळ्याचं तांबूससुद्धा होतं. लव पिवळी दिसली तरी खालून येणाऱ्या पंखाच्या पिसात तांबूस झाक असली की समजायचं.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, अगदी अचूक. छातीची खूण ही रानकोंबड्यापासून चालत आलेली आहे. आपल्या सगळ्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, आणि त्याच्या पिल्लांनाही असेच पट्टे असतात. पालापाचोळ्यात पिल्लू दिसू नये म्हणून ते उपयोगी पडतात. पांढरं होणारं आणि काळ्या शिंतोड्यांचं जे पिल्लू आहे, त्याच्या मागच्या पिढीत कुठंतरी लेगहॉर्नसारखी पांढरी कोंबडी असण्याची शक्यता बरीच. तिच्यातलं पांढऱ्याचं जनुक काळा रंग दाबतं, पण एकच प्रत आली तर सगळीकडं पुरं दाबलं जात नाही आणि शिंतोडे राहतात.

राखी रंगाचंही तसंच. काळ्या रंगाला फिकं करणारं एक जनुक असतं. एक प्रत आली की राखी, दोन आल्या की मळकट पांढरं आणि त्यावर डाग. म्हणून राखी कोंबडा-कोंबडीची सगळी पिल्लं राखी होत नाहीत. काही काळी निघतात, काही डागांची.

आडव्या पट्ट्यांच्या पिसाचा गुणही झेडवर असतो. नराकडं त्याच्या दोन प्रती असू शकतात, मादीकडं एकच. म्हणून पट्टेदार गटात जे पिल्लू जास्त फिकट दिसतं ते बहुधा नर.

परडं_फुलेवाडी

इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. काल सगळी एकेक करून उजेडात बघितली. पट्ट्यांच्यातल्या काहींच्या छातीवर खरंच काळी पिसं येतायत. बाकीची बदामी.

खाद्याचं सांगायचं राहिलं होतं. घरची पिल्लं आईबरोबर दिवसभर परड्यात, शेणाच्या खड्ड्याजवळ. विकतची जाळीत, कारण घार घिरट्या घालते. त्यांना मक्याचा भरडा आणि शेंगपेंड, मोकळ्या हातानं. पिसं मागं राहण्यात याचा काही वाटा असेल का? आणि एका करड्या पिल्लाच्या पंखाच्या पिसांवर आडवी पांढुरकी रेघ आहे, सगळ्या पिसांवर एकाच उंचीला. ते कशानं?

निवृत्त_पशुवैद्य

वाटा आहे, आणि चांगला मोठा आहे.

पिसाचा जवळजवळ ९० टक्के भाग प्रथिनांचा असतो, आणि त्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर लागतात. मक्यात प्रथिनं ८-९ टक्के. शेंगपेंडीत आकडा मोठा दिसतो, पण मका आणि शेंगपेंड दोन्हींत लायसिन कमी, आणि पेंडीत मेथिओनिनही कमी. म्हणजे पाटी भरलेली दिसते आणि पिल्लाला हवं तेच मिळत नाही. तुमची घरची पिल्लं शेणाच्या खड्ड्यातून किडे, अळ्या, वाळवी वेचतात. तिथं त्यांना उत्तम प्रथिन फुकट मिळतंय. आपण दोन जाती नुसत्या शेजारी ठेवून बघत नाही आहोत, दोन वेगळी ताटंही बघतोय, हे लक्षात असू द्या.

पिल्लांना सुरुवातीच्या आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं खाद्य लागतं. सगळ्यांत सोपं म्हणजे चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. घरीच करायचं असेल तर भरड्यात सोयाबीनची पेंड आणि थोडी सुकट घाला. सुकट धुऊन, वाळवून, बारीक करून. खारट सुकट तशीच दिली तर मीठ जास्त होऊन पिल्लं दगावतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना देऊ नये, त्यातला कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

आणखी एक. आपल्याकडं पावसाळ्यात शेंगपेंड आणि मका दमट होतात आणि बुरशी धरतात. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला मारतं. पिल्लू खातं पण वाढत नाही, पिसं निस्तेज आणि विस्कटलेली राहतात. वास कुबट आला की टाकून द्यायचं. धुऊन, भाजून ते विष जात नाही. थोडंच आणा, फळीवर उंच ठेवा.

पांढऱ्या रेघेचं: पीस मुळातून वाढत वर सरकतं, त्यामुळं ते वाढत असताना अंगावर आलेला ताण त्याच्यावर उमटून राहतो. सगळ्या पिसांवर एकाच उंचीला रेघ असेल तर त्या दिवसांत पिल्लाला ताप, उपास, थंडी किंवा मोठा प्रवास घडला असणार. लायसिन, फोलिक आम्ल किंवा लोह कमी पडलं तरी रंगीत जातीत पिसाचा रंग उडतो. खाद्य सुधारल्यावर पुढचं पीस रंगीत आलं की ओळखायचं की कारण तेच होतं.

इचल_यंत्रमाग

एक बाजूचा प्रश्न. जत्रेतून पोरीनं हट्टानं एक गुलाबी आणि एक हिरवं पिल्लू आणलं. आता गुलाबी पिल्लाच्या पंखातून पांढरी पिसं येतायत. रंग उतरला म्हणून ती रडतेय. आणि पेटीत बल्ब लावलाय तरी दोघं अंग चोरून बसतात.

आजरा_घनसाळ

भाऊ, तो रंग लवेला बाहेरून लावलेला असतो. नवं पीस आतून येतं, त्याला तो रंग असण्याचं कारणच नाही. बाजारात अशी रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्याच्या पांढऱ्या जातीचे नर असतात. हॅचरीला नर लागत नाहीत म्हणून ते स्वस्तात बाहेर जातात. रंगवताना भिजवतात, त्यातच कित्येक गारठून मरतात. पोरीला समजावून सांगा की पिल्लू आता स्वतःच्या खऱ्या रंगात येतंय. वाचलं तर पांढराशुभ्र कोंबडा होईल, मोठ्या लाल तुऱ्याचा. आणि पुढच्या वेळी ती रंगीत पिल्लं घेऊ नका. घेणारे थांबले तरच हे थांबेल.

बल्ब एलईडी आहे का? एलईडीनं ऊब मिळत नाही, नुसता उजेड पडतो. जुना पिवळा ६० किंवा १०० चा बल्ब मिळतो का बघा. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीशी ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बाखाली एकावर एक गोळा झाली तर गारठलीत, लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय.

इचल_यंत्रमाग

एलईडीच होता. आजच बदलतो. पोरगी आता पांढऱ्या पिसाची वाट बघायला लागलीय.

गगनबावडा_पाऊस

आमच्या बाजूचं लिहितो. इथं जून-जुलैत पाऊस थांबतच नाही. रंग कुठला का असेना, पाठ पूर्ण झाकल्याशिवाय पिल्लू बाहेर सोडायचं नाही, हा आमचा घरचा नियम आहे. लव भिजली की सुकत नाही. आई असेल तर ती पंखाखाली घेते, पण विकतच्या पिल्लांना आई नसते. तुमची ती उघड्या पाठीची पिल्लं पावसात अजिबात सोडू नका.

खाली भाताचा तूस टाका. गुऱ्हाळाचं चिपाड फुकट मिळतं म्हणून लोक टाकतात. कोरडं खडखडीत असेल तर ठीक, पण ओलं चिपाड बुरशी धरतं आणि पिल्लांच्या छातीत भरतं. तूस रोज खालीवर करा. आत गेल्यावर डोळे चुरचुरले म्हणजे अमोनिया झालाय, तूस बदलायला हवा. कोरड्या राखेचा एक खड्डा आडोशाला ठेवला की पिल्लं त्यात लोळतात आणि उवा कमी राहतात. उवा झालेल्या पिल्लाची पिसं कितीही चांगलं घातलं तरी खुलत नाहीत. शेपटीखाली पिसाच्या मुळाशी बघत जावा.

कागल_नाका

मला वय ओळखायचं आहे. बाजारात दोन महिन्यांची तलंग म्हणून देतात आणि घरी आणल्यावर महिने गेले तरी अंडं नाही. पिसावरून काही कळतं का?

निवृत्त_पशुवैद्य

कळतं. पंख उघडा. बाहेरच्या बाजूची जी दहा मोठी उड्डाणपिसं असतात, ती पाच-सात आठवड्यांच्या सुमारास बदलायला लागतात. बदल सुरू होतो पंखाच्या मधल्या बाजूनं, म्हणजे अंगाकडून, आणि टोकाकडं सरकत जातो. जुनी पिसं अरुंद आणि टोकदार, नवी रुंद आणि गोलाकार. एकही बदललेलं नसेल तर पिल्लू दोन महिन्यांचं नाही. आतली तीन-चार नवी असतील तर साधारण दोन-अडीच महिने धरायला हरकत नाही. अगदी टोकाची एक-दोन पिसं पुष्कळदा वर्षभर तशीच राहतात, त्यांवरून फसू नका. बाकी गावरान तलंग अंड्यावर यायला सहा-सात महिने घेते. तिथं घाई करण्यात अर्थ नाही.

परडं_फुलेवाडी

खाद्य बदललं, आता दहावा आठवडा चालू आहे. इथं सगळ्यांनी वेळ दिलात म्हणून सविस्तर कळवतो.

प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधला आणि तो दर आठवड्याला सैल केला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. फोटो दर रविवारी सकाळी, त्याच भिंतीसमोर काढले. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात तांबूस आणि तपकिरी यांतला फरक कळतच नव्हता, म्हणून वेळ एकच ठेवली.

विकतच्यांची पाठ स्टार्टर सुरू केल्यावर झपाट्यानं झाकली. त्यातली पट्टेदार फिकट जोडी आता लाल तुरा काढून उभी आहे. पशुवैद्य साहेबांनी लिहिलं होतं तसे नरच निघाले. घरच्या पट्ट्यांच्या पिल्लांत काळ्या छातीची ती सगळी कोंबडे. मानेवर आणि पाठीच्या मागच्या भागावर अरुंद, टोकदार, चमकणारी पिसं यायला लागलीत. बदामी छातीच्या त्या तलंगा, त्यांची मानेची पिसं गोल टोकाची आहेत. गडहिंग्लजच्या ताईंची खूण एकाही पिल्लात चुकली नाही.

काळ्याच्या पंखातली पांढरी पिसं गळाली, काळी आली. एक अजून शिल्लक आहे, तेही सैल झालंय. ही तलंग आहे आणि ती मी ठेवणार. अमावस्येच्या आधी काळी कोंबडी मागायला लोक येतात, भाव चांगला देतात, पण देणार नाही. करड्याच्या पिसावरची रेघ वर सरकली आणि तिच्याखाली पीस पूर्ण करडं आलं.

गडहिंग्लजची_सून

वा दादा, वाचून बरं वाटलं. काळी ठेवलीत ते फार छान केलंत. हिरवी चमक दिसायला लागली की फोटो टाका.

एक विचारते. आमची एक म्हातारी कोंबडी अंडी द्यायची बंद झाली आणि आता तिला कोंबड्यासारखी टोकदार मानेची पिसं येतायत. परवा पहाटे आरवली. वाडीत अपशकुन म्हणतात. मला तिला मारू द्यायचं नाही.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, मारू नका, यात अशुभ काही नाही. कोंबडीचा पिसारा मादीसारखा राहतो तो अंडाशयातल्या इस्ट्रोजेनमुळं. वयानं किंवा आजारानं अंडाशय निकामी झालं की ते संप्रेरक कमी होतं आणि पुढच्या पिसगळीनंतर नराची पिसं येतात. तुरा वाढतो, कधी आरवतेही. पोट फुगलेलं किंवा कडक लागत असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. नसेल तर तिला तिच्या जागी राहू द्या.

फुलेवाडीकर, मानमोडीची (राणीखेत रोगाची) पुढची लस राहिली असेल तर आता लगेच उरकून घ्या. पहिल्या आठवड्यातल्या थेंबांवर भागत नाही, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान इंजेक्शनची लस द्यावी लागते. आणि घरचाच कोंबडा ठेवलात तर तुमच्या कळपात पुढं त्याची त्याच्या बहिणींशी पैदास होणार. दोन-तीन पिढ्यांत अंडी भाकड जायला लागतात, पिल्लं अशक्त निघतात. कोंबडा बाहेरचा आणा.

परडं_फुलेवाडी

लस गेल्या आठवड्यात दिली. काळ्या छातीचा एक कोंबडा ठेवायचा विचार होता, पण मग तो देऊन टाकतो. आजऱ्याच्या दादांकडं पट्ट्यांच्या जातीचा चांगला कळप दिसतो. अंडी मिळतील का? आमची तांबडी पुन्हा खुडूक व्हायच्या बेतात आहे.

आजरा_घनसाळ

देतो की. शनिवारी कोल्हापूरला येणारच आहे. कोंबडा कुणाला द्यायचा ठरला नसेल तर मलाच द्या, माझ्या कळपालाही नवं रक्त हवंय.

अंडी आठवड्याच्या आतलीच आणतो, तुसात घालून. ती धुऊ नका. प्रवासात हिंदकळतात, म्हणून आणल्यावर लगेच कोंबडीखाली ठेवायची नाहीत. टोकदार बाजू खाली करून एक रात्र गारव्याला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधार पडल्यावर बसवा. तोवर तिच्याखाली दोन खोटी अंडी ठेवा, म्हणजे जागा सोडणार नाही.